आठ पौंडांची इस्त्री

वस्तुसंग्रहालयात शिरताना मराठी माणसाची एक ठरलेली अपेक्षा असते. आत तलवारी असल्या पाहिजेत. तलवारींशेजारी ढाली, ढालींशेजारी चिलखत, आणि चिलखतासमोर उभा राहून "केवढी माणसं होती हो तेव्हा!" असे म्हणणारा निदान एक गृहस्थ. इतिहास म्हणजे राजे, त्यांच्या लढाया आणि त्यांची चिलखते. त्या चिलखताखालचा अंगरखा कोण धूत होते, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी मात्र अडकित्ते, दिवे आणि पाय घासायच्या वज्र्या जमवून ह्या अपेक्षेला सुरुंग लावला. सुपारी कातरणाऱ्या अनाम आजीबाईसुद्धा इतिहासातच बसल्या आहेत, हे त्यांनी आपल्याला दाखवले. त्यामुळे न्यूयॉर्कसारख्या शहरात एक संग्रहालय आहे आणि त्याच्या कहाणीचा नायक म्हणजे कपड्यांची इस्त्री आहे, हे कळल्यावर निदान पुणेकराने तरी दचकायचे कारण नाही.

आमच्या घरात मात्र सगळेच दचकले. "इस्त्री बघायला अमेरिकेत?" सौ. म्हणाली. "माळ्यावर दोन आहेत. एक कोळशाची, एक बिघडलेली. दोन्ही फुकट दाखवते!" जर्सी सिटीत राहणाऱ्या पुतण्याचे म्हणणे निराळे होते. "काका, चायनाटाउनला जेवायला जातात. बघायला एम्पायर स्टेट आहे ना!" चायनाटाउनला फक्त जेवायला जायचे हे त्याने जे सहज सांगितले, त्यातच ह्या लेखाचा सगळा विषय आला. पण ते पुढे.

मॅनहटनमधल्या कॅनल स्ट्रीटवर खोट्या घड्याळांपासून खऱ्या माशांपर्यंत सर्व काही मिळते. तिथून जवळच, सेंटर स्ट्रीटवर २१५ क्रमांकाच्या इमारतीत हे 'म्युझियम ऑफ चायनीज इन अमेरिका' आहे. पूर्वी इथे यंत्रदुरुस्तीचा कारखाना होता. २००९ मध्ये माया लिन ह्या वास्तुरचनाकार बाईंनी त्याचे संग्रहालय केले. वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धातल्या मृतांचे जे काळ्या दगडाचे स्मारक आहे, ते ह्याच बाईंचे, आणि त्या वेळी त्या कॉलेजात शिकत होत्या. त्यांचे आईवडील चीनहून आलेले. म्हणजे कारागीरही घरचाच.

कथा सुरू होते सोन्यापासून. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि सगळे जग तिकडे धावत सुटले. दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतात, तोइसान नावाच्या गरीब मुलुखात ही बातमी पोचली तेव्हा तिथे दुष्काळ आणि दंगे दोन्ही पाहुणे मुक्कामाला होते. लोकांनी अमेरिकेचे नाव ठेवले 'गम सान', म्हणजे सोन्याचा डोंगर. घरदार गहाण टाकून पोरे बोटीत बसली. डोंगर होता, पण सोने आधीच आलेल्यांनी वाटून घेतले होते. उरलेल्या गाळात हात घालायचा तर १८५२ पासून परदेशी माणसाला महिन्याला तीन डॉलर कर! मग आगगाडीचे काम निघाले. सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून रूळ टाकणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीचे बहुतेक मजूर चिनी होते. गोरे मजूर ओढ्यानाल्याचे पाणी तसेच पिऊन जुलाबांनी आडवे पडत, आणि चिनी मजूर दिवसभर उकळलेला चहा पिऊन उभे राहत. चहामुळे आपली कामे अडतात असे ज्या कचेऱ्यांतल्या साहेबांना वाटते, त्यांनी हे जरूर ऐकावे. १८६७ मध्ये ह्याच मजुरांनी गोऱ्यांइतका पगार मागून संप केला. कंपनीने त्यांची रसद तोडली. आठवड्याभरात संप मोडला. १० मे १८६९ रोजी दोन्ही बाजूंचे रूळ जोडले गेले, आणि त्या सोहळ्याचा जो फोटो जगभर गाजला, त्यात टोप्या आहेत, बाटल्या आहेत, इंजिने आहेत, पण चिनी चेहरा शोधून सापडत नाही. आपल्याकडे लग्नाच्या फोटोत आचारी नसतो, तसेच.

आता इस्त्री. सोन्याच्या धामधुमीत सॅन फ्रान्सिस्कोत बायका फार थोड्या, आणि कपडे धुणे म्हणजे बायकांचे काम, अशी समस्त गोऱ्या पुरुषवर्गाची ठाम समजूत. परिणामी लोक मळके सदरे बोटीने होनोलुलूला, एवढेच काय हाँगकाँगला पाठवत आणि ते काही महिन्यांनी धुऊन परत येत! चिनी माणसाने हे पाहिले आणि गल्लीतच पाट मांडला. आता हे लोक काही हाडाचे परीट नव्हते. तोइसानमध्येही कपडे बायकाच धूत. पण खाणीतून हाकलले, कारखान्यातून हाकलले, शेतातून हाकलले. उरले ते एक काम, जे दुसऱ्या कुणाला नको होते. शिवाय त्याला भांडवल नको आणि इंग्रजी तर मुळीच नको. आपल्याकडे धंदा माणसाला जातीने चिकटे. तिथे तो कायद्याने आणि दगडधोंड्यांनी चिकटवला. दोन पिढ्यांत अमेरिकेच्या गावोगावी चिनी लाँड्री निघाली आणि 'चिनी माणूस म्हणजे परीट' हे तिथल्या लोकांना निसर्गनियमासारखे वाटू लागले.

ह्या धंद्याला ते लोक आपापसात 'आठ पौंडांचा उदरनिर्वाह' म्हणत. इस्त्रीचे वजन आठ पौंड, म्हणजे साडेतीन किलोच्या वर. ऐकायला काही वाटत नाही. पण भाजीची साडेतीन किलोची पिशवी हातात घेऊन ती सकाळपासून रात्रीपर्यंत टेबलावर मागेपुढे सरकवून पाहावी. दिवसाला चौदा-सोळा तास. शेगडीवर इस्त्र्यांची रांग तापत ठेवायची, एक गार झाली की दुसरी उचलायची. तोंडात पाणी घेऊन कपड्यावर फुर्रकन फवारायचे, जे आपल्याकडच्या परटांनाही उत्तम साधते. कॉलर आणि मनगटपट्ट्या खळ घालून इतक्या कडक करायच्या की वॉल स्ट्रीटवरच्या साहेबाला मान खाली घालता येऊ नये. दुकानाच्या मागेच पडदा लावून झोपायचे. सौ. त्या इस्त्रीसमोर बराच वेळ उभी होती. माळ्यावरच्या दोन इस्त्र्यांचा विषय तिने पुन्हा काढला नाही. एवढेच म्हणाली, "ह्यांच्या मनगटांचं काय होत असेल हो?" तलवारीसमोर उभे राहून कुणी असे विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

पॉल सिऊ नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होते. वडील लाँड्रीवाले. शिकागोच्या विद्यापीठात शिकताना पोटासाठी ते लाँड्र्यांना सामान विकत फिरत. त्या फेऱ्यांतूनच त्यांनी आपला प्रबंध लिहिला. तो १९५३ मध्ये पुरा झाला आणि छापून आला १९८७ मध्ये. परिटाच्या चरित्राची घाई कुणाला असणार! त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा, की हा माणूस तीस-तीस वर्षे एका देशात राहतो, पण राहायला आलेला नसतो. तो सदैव परतीच्या वाटेवर असतो. हे वाचताना मला तोइसान आठवायचे कारण नव्हते. मला गिरणगाव आठवले. कोकणातून आलेले, खाणावळीत जेवणारे, एका खोलीत पाळ्यांनी झोपणारे आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर करणारे आपले चाकरमानी! फरक एवढाच, की चाकरमानी गणपतीला गावी जाऊन परत येऊ शकत असे. ह्यांना ती सोय नव्हती.

कारण ६ मे १८८२ ला अमेरिकेने कायदा केला की चिनी मजुराने ह्यापुढे देशात पाऊल ठेवायचे नाही, आणि जे आत आहेत त्यांनी नागरिक व्हायचे नाही. एखाद्या देशाच्या माणसांचे नाव घेऊन दार लावण्याचा त्या देशाचा हा पहिलाच मोठा प्रयोग. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक चालतील, मजूर नको. गावी जाऊन परत यायचे तर सरकारी दाखला घेऊन जायचे. १८८८ मध्ये ते दाखलेही एका फटक्यात रद्द झाले. त्या वेळी सुमारे वीस हजार माणसे दाखला खिशात घेऊन परदेशी होती. त्यांचे दुकान अमेरिकेत, देणेकरी अमेरिकेत, आणि ती बंदराबाहेर. गणपतीला गेलेल्या वीस हजार चाकरमान्यांना 'मुंबई बंद' असे सांगण्यासारखे हे. १८७५ च्या दुसऱ्या एका कायद्याने चिनी बायकांना येणे जवळपास अशक्य केले होते. १८९० च्या शिरगणतीत दर एका चिनी स्त्रीमागे सत्तावीस चिनी पुरुष भरले. गावी बायको, पोरे, म्हातारी आई असलेल्या ह्या संसारी माणसांना तिथले लोक 'ब्रह्मचाऱ्यांची वस्ती' म्हणत. घरात शिरू द्यायचे नाही आणि वर 'ह्यांना घराची ओढ नाही' म्हणायचे, ही हातोटी फक्त अमेरिकेचीच आहे असे नव्हे.

कायदे करणाऱ्यांची कल्पनाशक्ती तर पाहावी! सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरपालिकेने १८७० मध्ये ठरवले, की झोपायच्या खोलीत माणशी पाचशे घनफूट हवा हवीच. दाटीने राहणाऱ्या चिन्यांना धरून तुरुंगात नेले, आणि त्या तुरुंगात माणशी तेवढी हवा नव्हती. (हा नियम गिरगावच्या चाळींना लावला असता तर निम्मे मराठी साहित्य तुरुंगात लिहिले गेले असते.) पुढे त्याच पालिकेने लाँड्र्यांवर कर बसवला. कपडे घोडागाडीने पोचवणाऱ्याला कर किरकोळ. ज्याच्याकडे घोडाच नाही त्याला तिमाहीला पंधरा डॉलर! कावडीने कपडे नेणारे कोण, हे सांगायला नको. कायद्यात 'चिनी' हा शब्द कुठेही नाही. फक्त घोडा आहे.

मग १८८० मध्ये आला लाकडाचा कायदा. लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर पालिकेची परवानगी हवी. शहरातल्या सुमारे ३२० लाँड्र्यांपैकी ३१० लाकडीच होत्या. दोनशे चिनी अर्ज आले, दोनशे नामंजूर. ऐंशी इतरांचे आले, एक सोडून सगळे मंजूर. लाकूड तेच, विस्तव तोच. बावीस वर्षे धंदा करणाऱ्या ली यिक नावाच्या माणसाने दहा डॉलर दंड भरायला नकार दिला, तुरुंगात गेला आणि भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयात पोचला. १८८६ मध्ये तो जिंकला. कायदा कागदावर समान असून भागत नाही, तो राबवतानाही समान राबवावा लागतो, हे तत्त्व त्या निकालाने घातले, आणि आजही अमेरिकेतले वकील त्या खटल्याचा आधार घेतात. मात्र खटल्याचे नाव आहे 'यिक वो'. यिक वो हे लाँड्रीचे नाव! पाटीवरचे नाव तेच मालकाचे नाव असे धरून कागद रंगवले गेले. आपल्याकडे एखाद्या हवालदाराने आरोपीचे नाव 'श्री. समर्थ लाँड्री' असे लिहावे आणि तेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे, तसे झाले. ज्याने त्या देशाला समानतेचा अर्थ शिकवला, त्याचे नाव विचारायला कुणाला सवड झाली नाही.

न्यूयॉर्कही मागे नव्हते. १९३३ मध्ये, मंदीच्या ऐन भरात, इथल्या नगरसेवकांनी एकट्याने चालवलेल्या लाँड्रीवर वर्षाला पंचवीस डॉलर फी आणि हजार डॉलरचा जामीन घालायचे योजले. तेव्हा हे 'मुके' परीट एकत्र आले. 'चायनीज हँड लाँड्री अलायन्स' नावाची संघटना काढली, वकील दिला, आणि फी दहावर व जामीन शंभरावर आणला. दिवसा सोळा तास इस्त्री करून उरलेल्या वेळात चळवळ कशी करत असतील, हे आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला गणसंख्या जमवून पाहिलेल्या माणसालाच कळेल.

न्यूयॉर्कच्या बंदरातला तो प्रसिद्ध पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला. त्याच्या चौथऱ्यासाठी गावोगाव वर्गणी मागण्यात आली. १८८५ मध्ये सॉम सोंग बो नावाच्या एका चिनी गृहस्थाने पत्र लिहून विचारले, की ज्या स्वातंत्र्यदेवतेचे दार आमच्यासाठी बंद आहे, तिच्या पायाखालच्या दगडांना पैसे आमच्याकडे कसे मागता? वर्गणी मागायला आलेल्यांना आजवर दिली गेलेली जी उत्तरे आहेत, त्यांत ह्याचा क्रमांक फार वर लागावा.

दार बंद झाले की माणूस खिडकी शोधतो. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, आग लागली आणि जन्ममृत्यूची दप्तरे जळाली. झाले! "माझा जन्म इथलाच, कागद तेवढा जळाला," असे म्हणणारे पुष्कळ चिनी निघाले. इथे जन्मला तो नागरिक, आणि नागरिकाच्या मुलाला आत येण्याचा हक्क. मग गावी जाऊन आलेला माणूस सरकारला सांगे, 'मुलगा झाला.' नसलेल्या त्या मुलाची जागा पुतण्याला, भाच्याला, नाहीतर पैसे मोजणाऱ्या कुणालाही मिळे. ह्यांना म्हणत 'कागदी मुलगे'. सरकारही काही दुधखुळे नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर १९१० ते १९४० पर्यंत ह्या पोरांना आठवडे, कधी महिने डांबून तोंडी परीक्षा घेत. तुमच्या घराला पायऱ्या किती? दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या घरात कोण राहते? तांदळाची कणगी कुठे असते? बाप आणि मुलगा वेगवेगळे बसवायचे आणि उत्तरे ताडून बघायची. त्यासाठी पाठांतराच्या वह्या निघाल्या. पोरे बोटीत त्या घोकत आणि बंदर दिसले की समुद्रात फेकून देत. आपल्याकडच्या 'एकवीस अपेक्षित'चा हा चिनी अवतार. नापास होणाऱ्याला ऑक्टोबरची बारी नव्हती, परतीची बोट होती.

"आपल्या वाड्याला पायऱ्या किती?" मी सौ.ला विचारले.

"चोवीस."

"बावीस. चाळीस वर्षं चढतोय."

"अहो, वरच्या दोन तुटक्या धरत नाही का तुम्ही?"

आम्हा उभयतांना त्या साहेबाने नक्कीच परत पाठवले असते, आणि सख्खे नवराबायको असल्याचा ह्याहून सबळ पुरावा मागूनही मिळाला नसता! गंमत अशी, की खऱ्या मुलांची उत्तरे अशीच चुकत. घोकून आलेल्या खोट्यांची चुकत नसत. पास झालेल्यांनी मग जन्मभर खोट्या आडनावाने संसार केला. कित्येकांच्या नातवंडांना आपले खरे आडनाव आजोबांच्या मरणानंतर कळले.

इथवर पुतण्या खिशातला फोन बघत रेंगाळत होता. ह्या भिंतीपाशी मात्र तो थांबला. त्याच्या घरी कपाटात एक जाड फाइल आहे. पासपोर्टापासून पगाराच्या चिठ्ठ्यांपर्यंत त्याचे सगळे आयुष्य तिच्यात आहे. घराला आग लागली तर आधी काय उचलशील, असे त्याला विचारले तर तो बायकोकडे चोरून बघून 'फाइल' म्हणेल. ग्रीन कार्डाच्या रांगेत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांपेक्षा जास्त येत नाही. भारतीयांची रांग इतकी लांब, की शेवटचे टोक बघायला दुर्बीण लागावी. "काका," तो म्हणाला, "ह्यांना पायऱ्या विचारायचे. आम्हाला 'तुमचं काम इथला माणूस करू शकणार नाही कशावरून' असं विचारतात." मग जरा वेळाने म्हणाला, "पण मला निदान दार लावलेलं नव्हतं."

ते दार त्याच्यासाठी कुणी उघडले, हेही तिथेच कळते. त्याची मुलगी न्यू जर्सीत जन्मली म्हणून अमेरिकन नागरिक झाली. इथे जन्मलेला तो इथला, हे १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घेतले ते वोंग किम आर्क नावाच्या एका चिनी स्वयंपाक्याने. चिन्यांना बंदी करणारा कायदा १९४३ मध्ये उठला, तोही चीन युद्धात दोस्त होता म्हणून; आणि उदार होऊन वर्षाला १०५ माणसांना प्रवेश ठरला. एकशे पाच! एका आगगाडीच्या डब्यात मावतील. त्यावर हसू नये, कारण आपल्यालाही १९१७ मध्ये असेच बाहेर ठेवले होते, आणि १९४६ मध्ये दार किलकिले झाले तेव्हा सबंध हिंदुस्थानचा वाटा होता शंभर. चिन्यांपेक्षा पाच कमी. १९६५ मध्ये देशवार कोट्याची ती पद्धत मोडली, आणि मग आपले डॉक्टर, इंजिनियर आणि त्यांच्या मागोमाग लोणच्याच्या बरण्या अमेरिकेत पोचल्या. ज्या उंबऱ्यावरून आपण सूटकेस ओढत आत गेलो, तो ह्या लोकांनी डोके आपटून झिजवलेला होता.

आता जेवणाचे. १९१५ च्या एका न्यायालयीन निकालाने हॉटेलमालकाला 'व्यापारी' म्हणून आत यायची वाट मोकळी झाली आणि चिनी खाणावळी भराभरा वाढल्या. अमेरिकेने चिनी माणूस नाकारला आणि चॉप सुई मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतली. हे वाचून अमेरिकनांच्या दुटप्पीपणावर एक छानसा लेख लिहावा, असे कुणाही भारतीयाला वाटेल. पण आपल्या गल्लीतली लाल पडद्याची गाडी आठवावी. तिच्यावरच्या मंचुरियनचे श्रेय १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात स्वयंपाक करणाऱ्या नेल्सन वांग यांना दिले जाते. मंचुरियात कुणी ते खाल्लेले नाही. आज ते आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत जिलबीशेजारी वाढतात. पण मुंबईतले चिनी लोक कुठे आहेत? माझगावला डॉकयार्ड रोडजवळ नवाब टँक रोडवर १९१९ चे त्यांचे लहानसे देऊळ आहे. एके काळी शुक्लाजी स्ट्रीटच्या आसपास त्यांची वस्ती होती. बूट शिवणारे, दात बसवणारे, केस कापणारे. १९६२ चे युद्ध झाले आणि सीमेवरच्या चीनचा राग आपण घराशेजारच्या चिन्यावर काढला. आसाम, बंगाल आणि इतर ठिकाणचे सुमारे तीन हजार लोक, म्हातारे आणि तान्ही मुले धरून, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. पिढ्यान्‌पिढ्या इथे जन्मलेले. कित्येकांना चिनी भाषाही धड येत नव्हती. काहीजण पाच वर्षे आत होते. ही तीच देवळी, जिथे इंग्रजांनी कॉम्रेड डांगे आणि जयप्रकाशांना डांबले होते. सुटल्यावर घर, दुकान लिलावात गेलेले. मग पुष्कळांनी देश सोडला. बरेच जण टोरांटोला गेले आणि तिथे हिंदी गाणी ऐकत राहिले. अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांनी २०११ आणि २०१२ मध्ये आपल्या त्या जुन्या कायद्यांबद्दल खेद व्यक्त केला. आपल्याकडे देवळीचे नाव शाळेच्या पुस्तकातही येत नाही. मंचुरियन मात्र शाळेच्या डब्यातही येते.

हे संग्रहालय झाले कसे, तेही सांगण्यासारखे आहे. १९८० मध्ये जॉन कुओ वेइ चेन आणि चार्ल्स लाय ह्या दोघा तरुणांच्या लक्षात आले, की चायनाटाउनमधले म्हातारे एकेक करून मरताहेत, दुकाने बंद होताहेत आणि त्यांच्या चीजवस्तू फुटपाथवर कचऱ्यात पडताहेत. पत्रे, हिशेबाच्या वह्या, पाट्या, ट्रंका, इस्त्र्या. ह्यांनी तो कचरा उचलून आणायला सुरुवात केली. त्यांच्या घरच्यांनी काय म्हटले असेल, हे ज्याच्या घरी जुनी मासिके साठवलेली आहेत त्याला सांगायला नको. पहिल्या काही वर्षांत त्यांनी जे प्रदर्शन भरवले ते लाँड्रीवाल्यांचे. ते दुखरे मनगट पहिल्यांदा काचेच्या मागे सन्मानाने ठेवले गेले.

२३ जानेवारी २०२० ला, चिनी नववर्षाच्या दोन दिवस आधी, मलबरी स्ट्रीटवरच्या ज्या जुन्या शाळेच्या इमारतीत हा साठा होता तिला आग लागली. पंच्याऐंशी हजारांवर वस्तू होत्या. सगळे गेले असेच सर्वांना वाटले. पण मग बंबाच्या पाण्यात भिजलेली खोकी बाहेर आली, कागद गोठवून वाळवले गेले, आणि बहुतेक साठा वाचला. १९०६ च्या आगीने ह्या लोकांना खोटी नावे मिळवून दिली होती. २०२० च्या आगीतून त्यांची खरी नावे वाचली.

नावाचाच सगळा प्रश्न आहे. त्या काळी अमेरिकेत प्रत्येक चिनी परटाला 'जॉन' म्हणत. नाव काहीही असो, हाक 'जॉन'. आपण तसे करत नाही. आपण 'इस्त्रीवाला' म्हणतो. तो कुठून तरी जौनपुराकडून आलेला असतो. जिन्याखाली आपल्या परवानगीने आणि पालिकेच्या मर्जीने त्याचे टेबल असते. 'बाहेरचे लोक फार झाले' ही चर्चा आपण करतो ती त्याने केलेल्या परीटघडीचा सदरा अंगात घालून. आपल्या घरात किती माणसे, कुणाची बदली झाली, कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाच्या सदऱ्याची कॉलर उलटून शिवली आहे, हे सगळे त्याला कपड्यांवरून कळते. पूर्वी परीट आपल्या कॉलरच्या आत बिब्ब्याची खूण घालत असे. ती कितीही धुतली तरी जात नसे, आणि शंभर घरांच्या ढिगातून आपला सदरा बिनचूक आपल्या घरी येई.

त्याने आपल्याला ओळखण्याची सोय अशी पक्की करून ठेवली होती. त्याला ओळखायची आपण कुठली खूण ठेवली आहे?